‘रूममेटने मारलं’: दोन पुरुषांच्या घरातला छळ आणि त्यानंतरचं प्रेम

आमच्या वाचनकट्ट्यावर गेल्या महिन्यात एक इंग्रजी प्रेमकथा होती. नायक दोन, नायिका नाही. एक जण आधीच्या जोडीदाराच्या मारहाणीतून कसाबसा बाहेर पडलेला, हाताच्या हाडाला धातूची पट्टी बसवलेली, रात्रीची झोप उडालेली. दुसरा हळूहळू त्याच्या आयुष्यात येतो. या धाटणीच्या कादंबऱ्या इंग्रजीत भरपूर निघतात, पण आमच्या कट्ट्यावर अशी गोष्ट पहिल्यांदाच आली होती. चर्चेला तोंड फुटलं आणि पाचच मिनिटांत एका काकूंनी अगदी मनापासून विचारलं, “अगं, पण दोघंही पुरुषच ना? मग याने एवढा मार खाल्ला कसा?” मग एकामागून एक प्रश्न आले. लग्नच झालेलं नाही तर ही घरगुती हिंसा कशी? पोलिसांत का नाही गेला? आणि एवढं सोसल्यावर पुन्हा कुणावर जीव लावणं कसं जमतं माणसाला?

प्रश्नांत खवचटपणा अजिबात नव्हता. तरी मला त्या दिवशी धड बोलता आलं नाही, कारण उत्तरात माझा एक मित्र येत होता. आता त्याला विचारून लिहिते आहे. त्याला इथे निखिल म्हणते. हे त्याचं खरं नाव नाही.

राग उतू गेला, की कळ एकाच्याच हातात होती?

घरात कुणी कुणाला मारलं की आपण पटकन म्हणतो, राग अनावर झाला. गॅसवरचं दूध उतू जावं तसं. पण ज्याचा राग खरोखर उतू जातो, त्याचा तो ऑफिसात साहेबासमोरही जाईल, सिग्नलवर पोलिसासमोरही जाईल. छळ करणारा माणूस तिथे तोंडातून शब्द काढत नाही. तो घरी येतो, दार लावतो आणि मग मारतो, अनेकदा शर्टाखाली झाकलं जाईल अशा जागी. म्हणजे दूध उतू गेलेलं नसतं. गॅसची कळ त्याच्या हातात असते, केव्हा मोठी करायची आणि केव्हा बारीक, हे तो ठरवत असतो.

अभ्यासक याला ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ म्हणतात, आपण नुसतं ‘नियंत्रण’ म्हणू. एव्हन स्टार्क या अमेरिकी अभ्यासकाने २००७ साली या विषयावर सविस्तर ग्रंथ लिहिला. मारहाण हा या नियंत्रणाचा फक्त एक भाग असतो, असं त्याचं सांगणं. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून असं नियंत्रण हा स्वतंत्र गुन्हा आहे. तिथला कायदा जोडीदार स्त्री आहे की पुरुष, लग्न झालंय की नाही, हे विचारत नाही. लंडनला किंवा लेस्टरला राहणाऱ्या मराठी मुलाला तो लागू आहे. पुण्यात राहणाऱ्याला नाही. त्याकडे पुढे येतेच.

निखिलला त्याच्या जोडीदाराची पहिली थप्पड बसली ती दोघं एकत्र राहायला लागल्यावर दीड वर्षाने. तोवर बाकी सगळं होऊन गेलं होतं. साडेआठच्या आत घरी यायचं. मित्रांचे फोन स्पीकरवर घ्यायचे. पगार निखिलच्या खात्यात, पण कार्ड दुसऱ्याच्या पाकिटात. आईचा फोन आला की तो समोर खुर्ची ओढून बसायचा. निखिल म्हणतो, त्यातली एकही गोष्ट सुटी सांगितली तर तक्रार करण्यासारखी वाटत नाही. “काळजी करतो बिचारा,” असंच मीही तेव्हा म्हटलं होतं. ते वाक्य मला अजून टोचतं.

लेनोर वॉकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये मार खाणाऱ्या स्त्रियांशी बोलून एक चक्र मांडलं. आधी घरातला ताण वाढत जातो, मग स्फोट होतो, मग गोडवा येतो. प्रत्येक घरात ते हुबेहूब असंच फिरतं असं नाही, पण तिसऱ्या टप्प्याकडे नीट पाहायला हवं. निखिलचा हात मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच माणसाने त्याला मोसंबीचा रस काढून दिला, बिया वेचून. डोळ्यांत पाणी आणून वरणभात भरवला. बाहेरच्याला हे ढोंग वाटेल. आत असलेल्याला मात्र हाच खरा माणूस वाटतो, आणि काल रात्रीचा कुणी वेगळाच. माणसं थांबतात ती या सकाळच्या माणसासाठी.

“पुरुष आहे, मग उलटा हात का नाही उचलला?”

काकूंचा प्रश्न हाच होता. त्यात एक गृहीतक आहे: मार खाणं म्हणजे ताकद कमी पडणं. निखिल त्या माणसापेक्षा चांगला चार बोटं उंच आहे. एकदा त्याने हात उचललाही होता. त्यानंतर शेजाऱ्यांनी, मित्रांनी आणि खुद्द निखिलने या सगळ्याला “आमची मारामारी” म्हणायला सुरुवात केली. दोन पुरुषांच्या बाबतीत हे फार लवकर होतं. नवऱ्याने बायकोला मारलं तर निदान कोण कुणाला मारतंय हे लोकांना दिसतं. दोन पोरांमध्ये झालं की ती बाचाबाची ठरते, दोघांनाही समज देऊन सोडून देण्यासारखी. ओळखायचं असेल तर एकच पाहावं: दोघांपैकी कोण दुसऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून दचकतो?

हे अपवादाने घडतं, असंही समजू नका. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१० साली केलेल्या मोठ्या पाहणीत समलिंगी पुरुषांपैकी २६ टक्क्यांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून मारहाण, बलात्कार किंवा पाठलाग सोसल्याचं सांगितलं. स्त्री-पुरुष दोघांकडे ओढ असणाऱ्या (उभयलिंगी) पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के होतं, भिन्नलिंगी पुरुषांत २९ टक्के. तिथल्या भिन्नलिंगी स्त्रियांत ते ३५ टक्के निघालं. आकडे तिकडचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण दोन पुरुषांचं घर या बाबतीत सुरक्षित बेट नाही, एवढं त्यांतून स्पष्ट दिसतं.

मग निघून का जात नाही? इथे एक हत्यार आहे, जे नवरा-बायकोच्या भांडणात सहसा नसतं. “तुझ्या घरी सांगेन.” निखिलच्या आईवडिलांना, साताऱ्याकडच्या भावकीला, त्याच्या ऑफिसात काहीच माहीत नव्हतं. त्याचे आणि त्या माणसाचे फोटो फोनमध्ये होते. मारहाणीची तक्रार करायची तर आधी ‘हा माझा कोण’ ते सांगावं लागणार. म्हणजे स्वतःचा हात मोडल्याची तक्रार करण्याआधी स्वतःचं सगळं आयुष्य टेबलावर मांडायचं.

दुसरी अडचण घराची. आपल्याकडे भाड्याचं घर म्हणजे बहुधा अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. त्यावर सही एकाचीच होती, आणि तो निखिल नव्हता. सोसायटीच्या कागदांत तो ‘सोबत राहणारा’. दुसरं घर शोधायचं तर दोन महिन्यांचं डिपॉझिट हवं, आणि कार्ड कुणाच्या पाकिटात होतं ते वर सांगितलंच.

तिसरी गोष्ट निखिलने खूप नंतर सांगितली. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवतेज जोहर खटल्यात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तेव्हा तो रस्त्यावर नाचला होता. “एवढं भांडून मिळालेलं नातं, आणि आमच्या घरात हे चाललंय, हे कुणाला सांगू? लोक म्हणणार, बघा, आम्ही म्हणतच होतो.”

हाड काय सांगतं

निखिलने डॉक्टरांना सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर बाईंनी एक्स-रे पाहिला, सोबतच्या ‘रूममेट’च्या हातात चिठ्ठी दिली आणि त्याला खाली मेडिकलमध्ये इंजेक्शन आणायला पाठवलं. तो गेल्यावर खुर्ची जवळ घेऊन विचारलं, “कुणी मारलं का?”

त्यांना शंका का आली, ते समजण्यासारखं आहे. आपण घसरून पडतो तेव्हा तळहात टेकवतो आणि बहुधा मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. डोक्यावर काठी येताना दिसली तर आपण हात आडवा वर धरतो. तेव्हा फटका करंगळीच्या बाजूच्या हाडावर, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये बसतो. निखिलचं तेच हाड मोडलं होतं. एवढ्यावरून खात्रीने काही सांगता येत नाही, पण एकांतात एक प्रश्न विचारायला ते पुरेसं असतं. निखिल तरीही “पडलो” असंच म्हणाला. बाई रागावल्या नाहीत. “परत पडलात तर इथेच या,” एवढंच म्हणाल्या. पुढे तीन महिन्यांनी त्याला हेच वाक्य आठवलं.

काही इजा दिसत नाहीत, म्हणून त्या जास्त भीतीदायक. गळा आवळला गेला असेल तर मानेवर वळ उठेलच असं नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके दिसतात, आणि कधी कधी गंभीर त्रास काही तासांनी किंवा दिवसांनी सुरू होतो. अमेरिकेत स्त्रियांबाबत झालेल्या एका अभ्यासात, जिचा गळा जोडीदाराने एकदा आवळला होता तिचा पुढे खून किंवा खुनाचा प्रयत्न होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढलेला आढळला. म्हणून “फक्त गळा धरला होता” हे वाक्य ऐकलंत तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोक्याला हादरा बसला असेल तर सीटी स्कॅन नॉर्मल येऊनही माणूस आठवडेच्या आठवडे नेहमीसारखा नसतो. उजेड सहन होत नाही, शब्द आठवत नाहीत, चिडचिड होते. आणि मग तोच माणूस ‘नाटकी’ ठरतो.

प्लास्टरचे सहा आठवडे निखिलला सगळ्यात वाईट आठवतात. शर्टाची बटणं, बुटाची नाडी, गोळीचं पाकीट फोडणं, सगळ्यासाठी दुसऱ्याचा हात लागायचा, आणि तो दुसरा म्हणजे मारणाराच. गोळी वेळेवर द्यायची की नाही हेही मग त्याच्या मर्जीवर. प्लास्टर निघालं, पण मनगटापासून हात वळेना. तळहात वर करता येईना. गौरी-गणपतीत शेजारच्या काकांनी तीर्थाची पळी पुढे केली तेव्हा त्याला डावा हात पुढे करावा लागला, आणि काका चमकले. किल्ली फिरवणं, दाराची गोल मूठ वळवणं, सुट्टे पैसे तळहातावर घेणं, सगळं अडलं.

एका सकाळी तो माझ्या दारात उभा होता. हातात कापडी पिशवी. त्यात एक्स-रेचं पाकीट, आधार कार्ड आणि बारावीचं मार्कशीट.

कायद्याच्या नजरेत हे दोघे एकमेकांचे कोण?

आपल्याकडे घरगुती छळाविरुद्धचा मुख्य कायदा २००५ चा, ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. फार चांगला कायदा आहे. त्यात मारहाणीसोबत शिवीगाळ, मानसिक छळ, लैंगिक छळ आणि पैशांची कोंडी हे सगळं ‘हिंसाचार’ धरलं आहे. न्यायालय मारणाऱ्याला लांब राहायला सांगू शकतं, राहतं घर सोडायला लावू शकतं, खर्च द्यायला लावू शकतं, आणि लग्न झालेलंच असावं अशीही अट नाही. पण त्याचं नावच ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण’ असं आहे. पीडित व्यक्ती म्हणजे स्त्री. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले, पण ते ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्या व्याख्येतून. म्हणजे आता सासू-नणंदेविरुद्धही दाद मागता येते. तक्रार करणारी मात्र स्त्रीच असावी लागते. निखिलला या दारातून आत जाता येत नाही.

मग उरते भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू असलेली. तिथे स्त्री-पुरुष भेद न करणारी कलमं आहेत. साधी दुखापत कलम ११५, गंभीर दुखापत कलम ११७. या दोन शब्दांतल्या फरकावर सगळं अवलंबून असतं. साधी दुखापत अदखलपात्र. पोलीस ‘एनसी’ लिहून घेतात, कागद हातात देतात, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पुढे तपास करू शकत नाहीत. हाड किंवा दात मोडला, जीव धोक्यात आला, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदनांत गेले की ती गंभीर दुखापत होते. मग गुन्हा दखलपात्र, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणूनच दवाखान्यातली एमएलसी महत्त्वाची. एमएलसी म्हणजे कुणीतरी इजा केली असल्याचा संशय आला की दवाखाना करतो ती वेगळी नोंद. ‘पडलो’ असं लिहिलं गेलं की पुढे कागद तेच बोलतो.

“घरी सांगेन” या धमकीलाही कायद्यात जागा आहे. बदनामीची भीती घालून एखाद्याला काही करायला भाग पाडणं म्हणजे कलम ३५१ ची धमकी, आणि तशी भीती घालून पैसे उकळणं म्हणजे कलम ३०८ ची खंडणी. आपल्या बाजूने इतकं तरी आहे, हे निखिलला कुणी सांगितलं नव्हतं.

एक मोठं भोक मात्र पडलेलं आहे. ज्याने समलिंगी संबंध गुन्हा ठरायचे ते जुन्या दंडसंहितेतलं ३७७ कलम २०१८ नंतरही संमतीशिवायच्या संबंधांपुरतं जिवंत होतं. एका पुरुषाने दुसऱ्यावर बलात्कार केला तर तेच लावलं जायचं. नव्या संहितेत त्याच्या जागी काहीच आलं नाही, आणि बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच आहे. आज जोडीदाराने जबरदस्ती केली तर प्रौढ पुरुषाला दुखापत, डांबून ठेवणं अशा कलमांचा आधार घ्यावा लागतो. माझ्या मते ही चूक आहे आणि संसदेने ती तातडीने दुरुस्त करायला हवी.

आता एक कायदा, ज्याचा या संदर्भात फार कमी उल्लेख होतो: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्याचं कलम ७ सांगतं की दिव्यांग व्यक्तीचा छळ, हिंसा किंवा शोषण होत असेल तर कुणीही, अगदी शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. तहसीलदार आणि प्रांताधिकारी हे असे दंडाधिकारी असतात. ते सुटका करण्याचा, त्या व्यक्तीची इच्छा असेल तर संरक्षणात ठेवण्याचा, पोटगी देण्याचा आदेश काढू शकतात. तक्रार आल्यावर मोफत वकिलाचा हक्क आहे हे सांगण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. यात कुठेही पीडित स्त्रीच हवी असं म्हटलेलं नाही. अट एवढीच की अपंगत्व दीर्घकाळचं हवं, सहा आठवड्यांचं प्लास्टर चालणार नाही. म्हणजे हात धड असेपर्यंत त्याच्यासाठी असं संरक्षण नव्हतं, आणि हात कायमचा अधू झाल्यावर ते मिळू शकतं. हे लिहिताना मला राग येतो. तरीही ज्याला ते लागू पडतं त्याने ते जरूर वापरावं.

“पण लग्नच नाही, तर घर कसलं?”

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुप्रियो खटल्यात समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. पण त्याच निकालामुळे केंद्राला समिती नेमावी लागली, आणि २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही छोटी, कामाची पत्रकं निघाली. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला बंदी नाही. रेशनकार्डासाठी त्यांना एका घरातले धरावं. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर म्हटलं की कुटुंब लग्नातूनच तयार होतं असं नाही, निवडलेलं कुटुंबही कुटुंबच.

मला हे असं दिसतं: रेशनच्या धान्यासाठी सरकार यांना एक घर मानायला तयार आहे. एका चुलीवर जेवणारी दोन माणसं जर एक घर असतील, तर त्या चुलीपाशी झालेली मारहाणही घरगुतीच आहे.

“याने बायकांचं संरक्षण पातळ होणार नाही का?”

हा आक्षेप मी मनापासून मानते. आपल्याकडे घरात मार खाणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रियाच आहेत. २००५ चा कायदा त्यांनी लढून मिळवला आहे, आणि त्यातला ‘स्त्री’ हा शब्द पुसून ‘कुणीही’ लिहिलं तर उद्या मारणारा नवराच आधी तक्रार घेऊन न्यायालयात उभा राहील, ही भीती पोकळ नाही. “पुरुषांवरही अन्याय होतो” म्हणत त्या कायद्याचा दात काढू पाहणारे लोक आहेतच. निखिलची गोष्ट मला त्यांच्या हातात द्यायची नाही.

त्या कायद्याला हात न लावता समलिंगी जोडीदारांसाठी वेगळी तरतूद करता येईल: तेच संरक्षण आदेश, तोच राहण्याचा हक्क, पण स्वतंत्रपणे. निवाऱ्याचंही तसंच. स्त्रियांसाठी ‘सखी’ केंद्रं आहेत, तृतीयपंथीयांसाठी ‘गरिमा गृह’ आहेत. निखिलसारख्याला रात्री दोन वाजता जायला मित्राच्या घराचा सोफा आहे. आज मदत मिळते ती मुख्यतः संस्थांकडून. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो आहे, पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये सुरू झाला. जीव धोक्यात असेल तर ११२, आणि मन हाताबाहेर जात असेल तर सरकारची टेलिमानस सेवा, १४४१६. ती मराठीतही बोलते.

मग त्यानंतरचं प्रेम?

या प्रकारच्या कादंबऱ्यांवर आक्षेप असतो की शेवट गोडच का. प्रेमकथा या प्रकाराचा तो करारच असतो: वाचकाने पहिलं पान उघडलं तेव्हाच त्याला कबूल केलेलं असतं की शेवटी आशा मिळेल. आणि दोन पुरुषांच्या गोष्टीत त्या कराराला जास्तच वजन आहे. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१४ मध्ये पुरी केली आणि हट्टाने तिचा शेवट सुखाचा ठेवला. ती छापली गेली १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. तेव्हा अशा प्रेमाची गोष्ट छापायची तर शेवटी फास किंवा तुरुंग दाखवणंच सोयीचं होतं. म्हणून मला गोड शेवट हलका वाटत नाही.

मला खटकतं ते दुसरं. काही कथांत नवा माणूस येतो, मिठीत घेतो आणि दुःस्वप्नं थांबतात. तसं होत नाही. धोका टळल्यावरही शरीर पहाऱ्यावर उभंच राहतं. कुकरची शिट्टी, मागून पडलेला हात, दार आपटणं, एवढ्यानेही छाती धडधडते. हे विस्मरणात जायला महिने लागतात, समुपदेशन लागतं, आणि काही दिवस तर काहीच लागू पडत नाही. आणखी खटकतं ते ‘तुझ्याकडे कुणी पाहिलं तर बघून घेईन’ म्हणणारा नवा नायक. वाचताना गोड वाटतं. निखिलच्या आधीच्या घरातलं पहिलं वाक्य हेच होतं.

जखमी माणसाची सेवा करणाऱ्याच्या हाती खूप सत्ता येते. गोळ्या, पैसे, दवाखान्याच्या तारखा, सगळं त्याच्याकडे जातं. म्हणून नव्या नात्याची परीक्षा मोठ्या त्यागात पाहू नये, लहान गोष्टींत पाहावी. फोन कुणाकडे राहतो? ‘आज नको’ म्हटल्यावर पुढचा तास कसा जातो? मदत मागितल्यावर होते, की न मागताच अंगावर येते?

निखिलच्या आयुष्यात दोन वर्षांपूर्वी अमेय आला. हेही नाव बदललेलं. त्यांच्या घरी जेवायला गेले होते तेव्हा पाहिलं, निखिल उजव्या हाताने शर्टाचं वरचं बटण लावायला झगडत होता. अमेय शेजारी उभा राहिला, हात खिशात. बराच वेळ. मग निखिल म्हणाला, “लाव रे.” तेव्हा त्याने लावलं. स्वयंपाकघरात निखिल पाठमोरा असला की अमेय आत शिरण्याआधी चपला जरा घासत चालतो. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हणाला, “कुणी नाही. दोनदा त्याच्या हातून ताट पडलं, मग कळलं.”

भाडेकरारावर या वेळी दोघांच्या सह्या आहेत. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘नातं’ या रकान्यात अमेय काय लिहायचं ते दर वेळी निखिलला विचारतो. कधी ‘मित्र’, कधी ‘जोडीदार’, समोर कोण बसलंय त्यावर.

गेल्या वेळी गेले तर दाराची गोल मूठ जाऊन तिथे आडवा दांडा आला होता, कोपरानेसुद्धा खाली दाबता येईल असा. अमेयने सुतार आणण्याआधी विचारलं होतं, “मूठ बदलायची का?” निखिलने दोन दिवस घेतले. मग हो म्हणाला.